जुन्या ट्रॅक्टरचे मोल आणि कागदपत्रांची जोखीम

ट्रॅक्टरवरील वस्तू आणि सेवा कर 22 सप्टेंबर 2025 पासून 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. नवा ट्रॅक्टर घेणाऱ्यांना त्यामुळे दिलासा मिळाला; जुना विकणाऱ्यांचे गणित मात्र बदलले. चंदीगड-अंबाला महामार्गावरील डेराबस्सी या पंजाबच्या मोहाली जिल्ह्यातील तालुक्याच्या उदाहरणावरून हा प्रश्न स्पष्ट होतो.

करपूर्व 5 लाख रुपये किमतीचा लहान ट्रॅक्टर पूर्वी 5 लाख 60 हजारांना पडे; नव्या दराने तो 5 लाख 25 हजारांना पडतो. 35 अश्वशक्तीचा ट्रॅक्टर 41 हजार रुपयांनी स्वस्त होईल, असे केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी तेव्हा सांगितले होते. नव्याचा भाव उतरला की जुन्याचाही उतरतो. कपातीपूर्वी कर्ज काढून ट्रॅक्टर घेतलेल्या शेतकऱ्याचे यंत्र अशा रीतीने स्वस्त झाले, परंतु कर्जाची रक्कम घटली नाही.

या परिसराला लहान ट्रॅक्टर नवा नाही. मोहालीच्या पंजाब ट्रॅक्टर्स कंपनीने 1974 मध्ये 'स्वराज 724' बाजारात आणला. 20 ते 30 अश्वशक्तीची अशी यंत्रे नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांतही उपयोगी पडतात. जुन्या यंत्राची किंमत केवळ वयावर ठरत नाही. किती तास काम झाले, हे मीटर दाखवतो. तो बदललेला असू शकतो. म्हणून क्लच व ब्रेकच्या पायपट्ट्यांची झीज, मागील टायर आणि अवजार उचलून धरण्याची हायड्रॉलिकची क्षमता पाहणे हिताचे असते. इंजिन थंड असताना सुरू करून पाहावे. निळसर धूर हे ऑइल जळत असल्याचे लक्षण होय.

डेराबस्सीत आणखी एक अडचण आहे. हरियाणा आणि चंदीगड येथून हाकेच्या अंतरावर आहेत. ग्राहक सीमेपलीकडील असल्यास परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र आवश्यक ठरते. कर्ज फिटले असले तरी नोंदणीपत्रावरील बँकेचा बोजा वेगळा उतरवावा लागतो. पैसे हाती आल्यावर अनेकदा ही कामे मागे पडतात.

त्याची किंमत जबर असू शकते. वाहन विकले तरी नोंदणी ज्याच्या नावावर आहे, तोच मोटार वाहन कायद्यानुसार मालक ठरतो आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2018 मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात दिला. विम्याची मुदत संपलेली असेल, तर विकलेल्या ट्रॅक्टरपायी शेतजमीन गहाण पडण्याची वेळ येऊ शकते.

पंजाबात ट्रॅक्टरची विक्री नेहमी गरज संपली म्हणूनच होते, असे नाही. तलवंडी भाई, मलोट येथील बाजारांत कर्जावर घेतलेले ट्रॅक्टर लगोलग तोट्यात विकून लग्नकार्यासाठी वा सावकाराची देणी भागवण्यासाठी रोकड उभी केली गेल्याचे यापूर्वी दिसून आले आहे. अशा विक्रीत भाव यंत्र पाहून ठरत नाही, विकणाऱ्याची निकड पाहून ठरतो. करकपातीने यंत्र स्वस्त झाले. रोख रकमेसाठी सुलभ कर्ज मिळाल्याखेरीज ही निकड मात्र सरणार नाही.