सतरंजी आणि सनमायका

कार्यालयाला ‘आपल्या शहराचा चेहरा’ देण्याची सध्या टूम आहे. पुण्यातल्या एखाद्या नव्या कचेरीत शिरावे, तर दारातच प्लायवूडची कमान आणि तिच्यावर शनिवारवाड्याच्या दरवाजासारखे खिळे. काचेच्या खोल्यांना ‘कट्टा’, ‘ओसरी’ अशी नावे. टेबलांना चाके, भिंती सरकत्या. आज दहा माणसे बसतील, उद्या चाळीस. ही हौस नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला पोचायला वेळ लागणार नाही. तिथून करंजीचा घाट ओलांडला की बाजाराचे गाव तिसगाव.

नगरच्या भिंतीवर काय चिकटेल, हे सांगायला ज्योतिषी नको. चांदबीबी महाल! तिसगाव-पाथर्डीकडची माणसे एसटीच्या खिडकीतून तो डोंगरावरचा अष्टकोन लहानपणापासून पाहतात. वास्तविक तो महाल नव्हे आणि चांदबीबीचाही नव्हे. निजामशाहीचा वजीर दुसरा सलाबतखान याची ती कबर. चित्र चिकटवणाऱ्याला याच्याशी कर्तव्य नसते. त्या इमारतीच्या चहूबाजूंच्या उघड्या कमानींतून वारा कसा खेळतो, हेही तो पाहत नाही. 1583च्या सुमाराचा फराहबाग महाल तळ्याच्या मधोमध का बांधला, हा प्रश्नही त्याला पडत नाही. नगरच्या उन्हाळ्याला दिलेली ही उत्तरे होती. ती सोडून आपण फक्त कमानीचा आकार उचलतो, तो सनमायकात कापतो आणि वर एसी लावतो.

लवचिक कार्यालय हा शोधही काही नवा नाही. आपल्याकडच्या धाब्याच्या घरातला सोपा आठवा. घर मोजायचे ते खणांत. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण, साधारण पाच-सहा फुटांचा. तीन खणांचा सोपा, पाच खणांचा सोपा; ऐपतीप्रमाणे खण वाढत. सकाळी तिथे गादी-लोड आणि उतरते मेज मांडले की हिशेबाची बैठक. दुपारी तिथेच पोत्यांची थप्पी, संध्याकाळी भांडण मिटवायला आलेली चार माणसे, रात्री पाहुण्यांची अंथरुणे. दौत, चष्मा, कंदील यांना भिंतीतली देवळी. सतरंजी गुंडाळली की खोलीचे काम बदलले. वर माळवद, म्हणजे पांढऱ्या मातीचा जाड थर, म्हणून वैशाखातही सोप्यात बसवत असे. अर्थात माळवदाचे गोडवे गाताना त्याची गळतीही आठवावी. दर पावसाळ्याआधी माती टाकावी लागे, लाकडाला वाळवी लागे, आणि आज तेवढे लाकूड परवडणारही नाही. कुणी पुन्हा धाबी बांधा असे म्हणत नाही. पण खण, पडवी, देवळी आणि सतरंजी यांतली अक्कल सिमेंटमध्येही उतरते.

ती उतरायला हवी ती आधी गावच्या कार्यालयांत. ग्रामपंचायतीइतकी लवचिक जागा दुसऱ्या कुठल्याच कचेरीला लागत नाही. एरवी तिथे चार-सहा माणसे असतात. कुणाला दाखला हवा असतो, कुणाला घरपट्टीची पावती. पण कायद्याने वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि गणपूर्तीला एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांत जो आकडा कमी असेल तेवढे लोक लागतात. तिसगावसारख्या मोठ्या बाजारगावात तो आकडा शंभरच. ही शंभर माणसे बसायची कुठे? बहुतेक गावांत उत्तर ठरलेले: देवळाचा सभामंडप, नाहीतर शाळेचे पटांगण. कार्यालयात सरपंचांची केबिन असते, फिरती खुर्ची असते, पाहुण्यांसाठी सोफा असतो. सभेला मात्र जागा नसते. तरी सभा तिथेच घेतली, तर माणसे दाराशी, खिडकीशी उभी राहतात, पाय दुखले की निघून जातात. सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. गर्दी न होण्यामागे इतरही कारणे असतात, हे खरे. पण बसायला जागाच न ठेवणे हे त्यातले सर्वांत सहज टाळता येण्याजोगे.

शंभर माणसे मांडी घालून बसली, तर सहा-सातशे चौरस फूट पुरतात. पुढे खोल पडवी, तिला लागून फरसबंद अंगण, मधली भिंत घडीच्या दारांची. दफ्तराची कपाटे भिंतीत देवळीसारखी बसवलेली, टेबले मिटून कडेला लावता येणारी. एवढे केले की रोजची कचेरी तासाभरात सभेची जागा होते. पडवीच्या सावलीत बाजाराच्या दिवशी आलेली म्हातारी माणसेही टेकतील. यात चांदबीबीचे चित्र कुठेच नाही, तरी हे कार्यालय इथलेच वाटेल.

म्हणून पुढच्या वेळी गावात नव्या इमारतीचे अंदाजपत्रक लिहिले जाईल, तेव्हा केबिनला कोणता सनमायका हा प्रश्न शेवटी ठेवावा. आधी इंजिनिअरला एवढेच विचारावे: ग्रामसभेच्या दिवशी शंभर जोड चपला दाराशी कुठे सुटणार?