पट आपला, मोहरे आपले, मग दोरी कुणाच्या हातात?

दळण जाडसर आले तर गिरणीवाला म्हणतो, "गहूच ओले होते गुरुजी." सदरा तंग झाला तर शिंपी म्हणतो, "तुम्हीच जरा सुटलात." घेणाऱ्याच्या माथी दोष मारायची ही रीत आपल्या चांगलीच अंगवळणी पडली आहे. पण गिरणीवाला निदान समोर तरी असतो, त्याच्याशी भांडता येते. हल्ली घरात येणाऱ्या यंत्रांच्या मागे असा माणूसच सापडत नाही. सापडते ते एक वाक्य: "कृपया आपले इंटरनेट तपासा." माझे आजचे भांडण या वाक्याशी आहे.

निमित्त आहे बुद्धिबळाच्या इलेक्ट्रॉनिक पटाचे. घरच्या मंडळींना ठाऊकच आहे, ब्लॉगमित्रांसाठी थोडक्यात सांगतो. चिखलीत माझ्याबरोबर खेळणारे एकेक करून गेले. म्हणून पुतण्याने गेल्या दिवाळीत हा पट पाठवला. दिसायला साधा लाकडी. प्रत्येक घराखाली संवेदक, मोहऱ्यांच्या बुडाशी लोहचुंबक. पट ब्लूटूथने फोनला जोडायचा. आपण मोहरा हलवला की फोनला कळते आणि प्रतिस्पर्ध्याची चाल पटावरच्या बारीक दिव्यांनी दिसते. पडद्यात डोळे न घालता खेळायला मिळते, हे आमच्यासारख्या मोतीबिंदूवाल्यांना केवढे सुख! चार महिने झकास चालले. मग एका सकाळी "सर्व्हरशी संपर्क होत नाही" असा संदेश आला आणि पट मुका झाला. कंपनीला तीनदा लिहिले. तिन्ही वेळा उत्तर तेच, इंटरनेट तपासा. आणि त्याच फोनवर, त्याच इंटरनेटवरून, मी रोज रात्री पुण्यातल्या नातवाचा चेहरा बघत होतो!

आता बिघाड शोधायचा तर त्याची एक पद्धत असते. मुलांना विजेचे मंडल शिकवताना मी सांगत असे की दिवा लागला नाही तर सगळेच एकदम उसकटू नका, एकेक कडी तपासत पुढे जा. या पटाच्या साखळीतही पाच कड्या आहेत.

पहिली कडी वीज. आपल्याकडे उन्हाळ्यात दाब कमी-जास्त होतो, तेव्हा बॅटरी पूर्ण भरली आहे ना हे आधी पाहावे. दुसरी कडी पट स्वतः. माझ्या पटाला घरात मोहरा आहे की नाही एवढेच कळते, तो हत्ती की उंट हे कळत नाही. म्हणून सुरुवातीची मांडणी बिनचूक हवी. तिसरी कडी ब्लूटूथ. असे पट सहसा एका वेळी एकाच फोनशी बोलतात. घरातल्या दुसऱ्या कुणाच्या फोनने तो धरून ठेवला असेल तर तुमच्या फोनला तो दिसतच नाही. चौथी कडी फोनमधल्या परवानग्या. अँड्रॉइडच्या ६ ते ११ या आवृत्त्यांत ब्लूटूथवरून यंत्र शोधायला लोकेशनची परवानगी लागत असे, १२ पासून जवळपासच्या उपकरणांसाठी वेगळी परवानगी आली. ती नाकारलेली असेल तर पट समोर असून सापडत नाही. शिवाय बॅटरी वाचवण्याची सोय चालू असेल तर फोन अ‍ॅपला मध्येच झोपवतो.

या चारही कड्या माझ्या घरात आहेत आणि चारही मी तपासल्या. बसस्टँडजवळच्या मोबाइल दुरुस्तीवाल्या पोराकडूनही तपासून घेतल्या. तो म्हणाला, "सर, पटात काई बिघाड नाई. तिकूनच बंद हाय." बिघाड होता पाचव्या कडीत, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरमध्ये. नऊ दिवसांनी पट आपोआप सुरू झाला. मी काहीही केले नव्हते. कंपनीकडून खुलाशाचे एक अक्षर आले नाही.

माझा खरा प्रश्न बिघाडाचा नाहीच. यंत्र म्हटले की बिघाड आलाच. माझा प्रश्न असा की ही पाचवी कडी मुळात हवी कशाला? पट आणि फोन यांच्यात दोन हातांचे अंतर. चाल पटावरून फोनवर जायला ब्लूटूथ पुरते. प्रतिस्पर्धी म्हणून यंत्र हवे असेल तर स्टॉकफिशसारखा फुकट मिळणारा प्रोग्राम साध्या फोनवर चालतो, आणि तो आजच्या जगज्जेत्यालाही हरवील. १९९७ साली कास्पारॉव्हला हरवायला डीप ब्लूसारखा महासंगणक लागला होता, आज ते काम खिशातल्या फोनवर होते. तरीही मी यंत्राशी खेळताना पट आधी दूरच्या सर्व्हरला विचारणार, की चिखलीच्या या म्हाताऱ्याला खेळू देऊ का? १९७७ साली अमेरिकेत फिडेलिटी कंपनीने चेस चॅलेंजर नावाचे यंत्र विकायला काढले. खेळ कच्चा होता, पण वीज जोडली की कुणाला न विचारता खेळत असे. पन्नास वर्षांत आपण पुढे आलो ते हे असे!

आता मोठ्या स्पर्धांत काय होते ते पाहा. तिथेही इलेक्ट्रॉनिक पटच असतात आणि त्यांच्यामुळेच आपल्याला घरबसल्या डाव बघायला मिळतात. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये बटुमीला टायब्रेकमध्ये कोनेरू हम्पीला हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि ती भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली, तेव्हा आपल्या वऱ्हाडातही माणसे फोनला डोळे लावून बसली होती. पण अशा स्पर्धेत पटाची तार निसटली म्हणून डाव थांबत नाही. खेळाडू खेळत राहतात, तंत्रज्ञ नंतर चाली भरून घेतो. पट तिथे खेळाचा नोकर आहे. आमच्या घरी मात्र नोकराचा मालक झाला, संपर्क तुटला की डावच बंद.

आणि संपर्क तुटल्याचा दोष कुणाचा, हा प्रश्नही या दिव्याच्याच निमित्ताने जगापुढे आला होता. २०२० च्या ऑगस्टमध्ये करोनामुळे ऑलिंपियाड संगणकावर, ऑनलाइन झाले. ३० ऑगस्टला अंतिम फेरीत भारत विरुद्ध रशिया. पहिली लढत ३-३. दुसऱ्या लढतीत निहाल सरीन आणि चौदा वर्षांची दिव्या यांचा संपर्क तुटला आणि दोघे वेळेवर हरले. त्या दिवशी सेंच्युरीलिंक या कंपनीच्या जाळ्यातल्या बिघाडाने जगभर इंटरनेट अडखळले होते. भारताने दाद मागितली आणि फिडेच्या अध्यक्षांनी दोन्ही संघांना सुवर्णपदक दिले. आपल्याला आनंद झाला, मलाही झाला. पण दोनच दिवस आधी उपांत्यपूर्व फेरीत आर्मेनियाच्या खेळाडूचा संपर्क आपल्याविरुद्ध खेळताना तुटला होता. त्यांचे अपील फेटाळले गेले, दोष तुमच्या बाजूचा असे ठरले, आणि त्यांनी पुढची लढत न खेळता स्पर्धा सोडली. निवाड्याच्या तांत्रिक बाजूत मी शिरत नाही. पण संपर्काची जबाबदारी आधी खेळाडूच्या गळ्यात घालायची आणि सगळे जगच अडखळले तेव्हा मात्र नरम व्हायचे, हा न्याय मला पटत नाही. आमच्या चिखलीसाठी जग अडखळणार नाही. आमचा बिघाड कायम "तुमच्या बाजूचा"च राहणार.

यावर तरुण मंडळी म्हणतात, "काका, सर्व्हर नसेल तर परदेशातल्या खेळाडूशी खेळणार कसे? सुधारणा कशा येणार?" कबूल. दूरच्या माणसाशी खेळायला इंटरनेट हवेच. पण पत्र टाकायला पोस्ट ऑफिस लागते म्हणून पोस्ट बंद असताना मला घरात लिहायलाही बंदी, असे कुणी करते का? आणि दूर खेळायलासुद्धा एकाच कंपनीचे दार कशाला? २०१० पासून चालणाऱ्या लिचेस या विनामूल्य संकेतस्थळाने बाहेरच्या पटांसाठी जोडणीची उघड सोय ठेवली आहे. पट कोणत्या भाषेत बोलतो एवढे कंपनीने जाहीर केले तर उद्या ती बुडाली तरी एखादा हुशार पोरगा तो पट चालवून दाखवील.

कंपनी बुडण्याची गोष्ट मी उगाच काढत नाही. अमेरिकेत घरातले दिवे, कुलपे चालवणारे रिव्हॉल्व नावाचे यंत्र होते, किंमत सुमारे ३०० डॉलर. ती कंपनी गुगलच्या नेस्टने २०१४ मध्ये विकत घेतली आणि मे २०१६ मध्ये सर्व्हर बंद केला. यंत्रे धडधाकट होती, पण त्या दिवसापासून नुसते डबे झाले.

म्हणून माझे म्हणणे तीन कलमांत. एक, यंत्राशी आणि समोरच्या माणसाशी खेळताना पट इंटरनेटशिवाय चालला पाहिजे. दोन, सर्व्हर बंद असेल तर "आमचा सर्व्हर बंद आहे" असे स्वच्छ लिहावे. तीन, सेवा किती वर्षे चालणार ते खोक्यावर किमतीशेजारी छापावे. नातवंडांसाठी पट घेणार असाल तर दुकानदाराला हे तिन्ही प्रश्न विचारा. फोनचे इंटरनेट बंद करून एक डाव खेळून दाखव म्हणा. तो गडबडला तर साधा लाकडी पट घेऊन घरी या. आणि फसलाच असाल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीच्या गावाला खेटे घालावे लागत नाहीत.

पैसे मोजून घेतलेली वस्तू आपली असते, अशी आमच्या पिढीची समजूत. ती समजूत चुकीची ठरवायची असेल तर कंपन्यांनी तसे आधी सांगावे, मग आम्ही ठरवू पैसे मोजायचे की नाही ते. तुमच्याकडे असा अनुभव असेल, किंवा माझे म्हणणे पटत नसेल, तर जरूर कळवा. विरुद्ध मत असेल तर जास्तच आवडेल.