कोणत्या डावावर?

जत्रेतल्या कुस्त्या पाहून वेळापुरात परतलेल्या माणसाला कोण जिंकला एवढेच विचारून कुणी सोडत नाही. दुसरा प्रश्न ठरलेला असतो. कोणत्या डावावर? घिस्सा, ढाक, कलाजंग, झोळी. नाव सांगता आले नाही, तर हा गडी फडाच्या कडेला नुसता उभा होता असे समजतात. पैलवानाला मानायचे तर त्याचा डाव ओळखता आला पाहिजे, ही या मुलखातली साधी अट आहे.

बुद्धिबळातही शब्द डाव हाच आहे. अट मात्र कुणी घालत नाही.

विदित गुजराथी आवडतो असे सांगणारी मुले आता गावोगाव भेटतात. चांगली गोष्ट आहे. तो नाशिकचा, हे त्यांना माहीत असते. २०१३ मध्ये ग्रँडमास्टर झाला, २०२४ च्या बुडापेस्ट ऑलिम्पियाडमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या संघात होता, हेही माहीत असते. रेटिंग तर तोंडपाठ. मग विचारावे, त्याचा कोणता डाव आवडतो? मूल गप्प होते. दोष त्याचा नाही. त्याला डाव कुणी दाखवलेलाच नाही.

एकच डाव घेऊ. ५ एप्रिल २०२४, टोरोंटो, जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या कँडिडेट्स स्पर्धेची दुसरी फेरी. समोर हिकारू नाकामुरा, क्लासिकल प्रकारात सलग ४७ डाव न हरलेला. विदितकडे काळी मोहरी. बर्लिन बचाव, म्हणजे भक्कमपणासाठी ओळखली जाणारी सुरुवात. आणि मोहरी अजून नीट बाहेरही पडली नव्हती, तोच विदितच्या उंटाने पांढऱ्या राजापुढचे एच३ वरचे प्यादे मारले. एका प्याद्यासाठी अख्खा उंट. मोजणीत उघड तोटा. नाकामुरा तो डाव हरला. नवव्या फेरीत दोघे पुन्हा समोरासमोर आले, तेव्हाही हरला. १४ फेऱ्यांच्या त्या स्पर्धेत नाकामुराचे दोनच पराभव झाले आणि दोन्ही विदितने केले. नाकामुरा साडेआठ गुणांवर थांबला. गुकेशने ९ गुणांनी स्पर्धा जिंकली. पुढे तो जगज्जेता झाला. त्या वाटेवर एच३ वरचा हा उंटही उभा आहे.

आपल्याकडे बातमी आली. छायाचित्र आले. चाली आल्या नाहीत. विदितने स्पर्धा ६ गुणांनी, सहाव्या क्रमांकावर संपवली आणि तो उंटही बातमीबरोबर रद्दीत गेला.

चालींना जागा लागते, ही सबब खोटी आहे. चाळीस चालींचा डाव सात-आठ ओळींत बसतो. क्रिकेटचा धावफलक त्याहून जास्त जागा घेतो, आणि तो कधी चुकत नाही. कुस्तीच्या बातमीतही डावाचे नाव असते. बुद्धिबळाच्या बातमीत गुण, क्रमांक आणि बक्षिसाची रक्कम.

डाव मोबाइलवर फुकट मिळतो, हे खरे. पण तिथे दुसरीच पंचाईत आहे. डाव उघडला की शेजारी इंजिनचा आकडा हलत असतो. नजर पटावरून त्या आकड्यावर जाते. बोट पुढे सरकत राहते आणि पाच तासांचा डाव मिनिटभरात संपतो. चाल बरोबर की चूक, एवढे आकडा सांगतो. उंट का दिला, दुसरे काय खेळता आले असते, ते कसे नाकारले, यातले काहीही सांगत नाही. आणि आवडायचे जे आहे, ते सगळे तिथेच आहे.

जुनी रीत अजून चालते. पट मांडावा, साधा प्लास्टिकचा चालेल. चाली वहीत उतरवून घ्याव्यात. पुढची चाल तळहाताखाली झाकावी. आपण काय खेळलो असतो ते आधी लिहावे, मगच हात उचलावा. बहुतेक वेळा आपली चाल वेगळी निघते. त्या फरकापाशी थांबावे, कंटाळा येईपर्यंत थांबावे. इंजिन सगळ्यात शेवटी. बॉबी फिशरने सोव्हिएत खेळाडूंचे डाव आणि त्यांवरचे लेखन वाचता यावे म्हणून रशियन शिकून घेतली होती. आपल्याला तर एक ते आठ आकडे आणि आठ अक्षरे यायला हवीत.

हरलेले डावही सोडू नयेत. २०२३ च्या ग्रँड स्विसमध्ये विदित पहिल्याच फेरीत हरला. पुढे तीच स्पर्धा जिंकून तो कँडिडेट्सला पोहोचला. तो हरलेला डाव ज्याने पटावर लावला, त्याला पुढचे दहा डाव वेगळे दिसतात.

माउलींची पालखी दर आषाढीला वेळापुरात मुक्कामी असते. ज्ञानेश्वरी या गावाला नवी नाही. पोथीला हळदकुंकू वाहिले म्हणजे पारायण झाले, असे इथे कुणी म्हणणार नाही. खेळाडूच्या बाबतीत मात्र आपण हळदकुंकवावरच थांबतो. सत्कारात शाल असते, श्रीफळ असते, भाषणे असतात. पट नसतो. ज्याचा गौरव चालला आहे त्याचा एक डाव भिंतीवर दाखवावा, त्यालाच दोन शब्द बोलू द्यावे, हे सुचत नाही. दिव्या देशमुखने २८ जुलै २०२५ रोजी बातुमीत कोनेरू हंपीला हरवून बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला आणि त्यानंतर लगेच, आपल्याला अजून अंत्यडाव शिकायला हवेत, असे सांगितले. जिंकलेल्या मुलीचे लक्ष अजून पटावरच होते. सत्कार करणाऱ्यांपैकी कितीजणांनी तो अंत्यडाव उघडून पाहिला?

सुरुवात वेळापुरातल्या एखाद्या वर्गातून करता येईल. शनिवारची सकाळ. फळ्यावर आठ गुणिले आठ चौकटी. काळा उंट एच३ वर, आताच प्यादे मारून बसलेला. पांढऱ्याची चाल. उंट घ्यायचा की नाही? मुलांना भांडू द्यावे. आणि घंटा झाली तरी उत्तर सांगू नये.