सागरेश्वरचे पर्यटन आणि त्याभोवतालच्या गावांचा हक्क
कडेगाव तालुक्यातील ग्रामसभांसाठी पत्रक

सागरेश्वर अभयारण्य हे आयते लाभलेले जंगल नाही. एकेकाळी उजाड असलेल्या या डोंगरावर वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने आणि परिसरातील गावकऱ्यांच्या श्रमाने झाडी उभी राहिली, तीत हरणे आणून सोडली गेली आणि १९८५ मध्ये सुमारे १०.८७ चौरस किलोमीटरच्या या क्षेत्राला अभयारण्याचा दर्जा मिळाला. ज्यांनी हे जंगल वाढवले, त्यांच्याच शेतांवर आज त्याचा भार पडतो आहे. कारण हरणांची संख्या वाढली, त्यांच्यावर अंकुश ठेवणारे मोठे शिकारी प्राणी येथे जवळपास नव्हते, आणि कुंपण ओलांडून बाहेर पडणारे कळप उभ्या पिकांत शिरतात. शेतकऱ्याच्या वाट्याला रात्रीची राखण, पंचनामा आणि भरपाईची प्रतीक्षा येते.

या जंगलात पर्यटन वाढवायचे, तर ते या गावांवर आणखी भार न टाकणारे, म्हणजेच शाश्वत असले पाहिजे. शाश्वत पर्यटन म्हणजे निसर्ग, स्थानिकांची उपजीविका आणि संस्कृती यांची झीज न होता चालणारे पर्यटन, अशी त्याची व्याख्या केली जाते. विकसनशील देशांत ते अनेकदा कागदावरच राहते, कारण रोजगाराची निकड एवढी असते की हॉटेले आधी उभी राहतात आणि सांडपाणी, कचरा व पाणी यांचे नियम मागाहून येतात. फिलिपिन्सला बोराकाय हे बेट २०१८ मध्ये सहा महिने पर्यटकांसाठी बंद ठेवावे लागले, ते याच उलट्या क्रमामुळे. दुसरी अडचण गळतीची आहे. गळती म्हणजे पर्यटकाने खर्च केलेला पैसा स्थानिकांच्या हाती न राहता बाहेरच्या गुंतवणूकदारांकडे वाहून जाणे.

शेजारच्या सातारा जिल्ह्यातील कास पठार याबाबत पुष्कळ शिकवते. २०१२ मध्ये जागतिक वारशात समावेश झाल्यावर तेथे गर्दी उसळली, तेव्हा रोजच्या पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा घालण्यात आली आणि प्रवेशशुल्काची व्यवस्था गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांकडे आली, ही मोलाची गोष्ट होय. परंतु पठाराला घातलेले कुंपण पुढे काढावे लागले, कारण गुरांची चराई थांबल्याने फुलांचा बहर घटल्याची स्थानिकांची तक्रार होती. आणि पठाराच्या परिघातील बांधकामांचा प्रश्न तर प्रवेशद्वारावरच्या नियमांच्या कक्षेबाहेरच राहिला.

कडेगाव तालुक्यात बांधकामांच्या जोडीला पाण्याचाही कठीण प्रश्न आहे. येथील शेतीला ताकारी आणि टेंभू या उपसा योजनांचे, म्हणजे वीज खर्चून वर उचललेले पाणी मिळते. अशा पाण्यावर रिसॉर्टचे तलाव भरणे हा सरळ अन्याय ठरेल. म्हणून परिसराची धारणक्षमता, म्हणजे पाणी, जमीन आणि वन्यजीव यांना न पेलवणारा ताण येण्याआधीची पर्यटकसंख्येची मर्यादा, एकही नवी परवानगी देण्यापूर्वी ठरली पाहिजे.

पर्यटकांच्या गर्दीचे असे नियोजन गावांना जमणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी कडेगावचा मोहरम पाहावा. तेथील गगनचुंबी ताबुतांचा सोहळा हिंदू आणि मुस्लिम पिढ्यान्‌पिढ्या मिळून पार पाडत आले आहेत, आणि हजारोंची गर्दी सांभाळण्याची रीत गावाने स्वतःच घडवली आहे.

ग्रामसभांनी तीन ठराव करावेत: अभयारण्याच्या प्रवेशशुल्कातील निश्चित हिस्सा पीकनुकसानीच्या भरपाईसाठी आणि कुंपणाच्या दुरुस्तीसाठी राखून ठेवावा, वाटाडे, भोजन आणि निवास यांच्या कामात लगतच्या गावांतील महिला बचत गटांना व तरुणांना पहिला हक्क मिळावा, आणि ग्रामसभेच्या संमतीशिवाय डोंगराच्या पायथ्याशी एकाही बांधकामाला परवानगी देऊ नये. हे ठराव येत्या ग्रामसभेतच मंजूर करून वन विभागाकडे आणि जिल्हाधिकारी कार्यालयाकडे पाठवावेत.