वर्धा नदीवरचा राहून गेलेला जलमार्ग

इंग्लंडमध्ये डिव्हायझेस गावाजवळ केन हिल नावाची टेकडी आहे. केनेट-एव्हन कालवा ही टेकडी 29 जलपाशांच्या पायऱ्यांनी चढतो. सुमारे तीन किलोमीटरांत 72 मीटरांची चढण. जलपाश, अर्थात लॉक, म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला बांधीव हौद. होडी आत शिरली की मागचा दरवाजा लावतात, वरच्या अंगाचे पाणी झडपांवाटे हौदात सोडतात. पाणी चढते तशी होडी चढते आणि पुढचा दरवाजा उघडला जातो. दरवाजे माणसे ढकलतात, उरलेले काम पाण्याच्या उताराचे. लांबट आणि जेमतेम सात फूट रुंदीच्या 'नॅरोबोटी' घेऊन सहलीला निघालेल्या कुटुंबांचा जवळजवळ सारा दिवस या एका टेकडीवर खर्ची पडतो. सुकाणू धरणारा होडीच्या मागच्या टोकाला उघड्यावर उभा असतो. सकाळी ऊन, दुपारी सर, पुन्हा ऊन, अशा लहरी हवेत तो दोनदा भिजतो आणि दोनदा वाळतो.

1810 मध्ये पूर्ण झालेला हा कालवा अर्थातच सहलींसाठी खोदलेला नव्हता. तो माल वाहण्यासाठी होता. हेच जलपाशांचे तंत्र एकदा वऱ्हाडच्या कापसासाठी योजले गेले होते, हे यवतमाळ जिल्ह्यात आज फार थोड्यांना ठाऊक असेल.

त्या काळी कापसाची वाहतूक किती जिकिरीची होती याची कल्पना यावी म्हणून एकच उदाहरण पुरे. आगगाडी येण्यापूर्वी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून थेट गंगेकाठच्या मिर्झापूरला जाई आणि तेथून नावांनी कलकत्त्यास. शेकडो मैलांची ही पायपीट बंजाऱ्यांचे तांडे करीत. वाटेत धूळ, पाऊस, चारापाण्याची टंचाई. माल पोहोचेपर्यंत त्याचा भाव वाढलेला असे, प्रत मात्र उतरलेली. 1853 च्या तहाने वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे आला आणि 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटल्यावर मँचेस्टरच्या गिरण्यांना हिंदुस्थानच्या कापसाची निकड भासू लागली.

गोदावरीच्या मुखाजवळ धवलेश्वरमचा बंधारा बांधून तेथील कालव्यांतून नावा चालविणारे अभियंते सर आर्थर कॉटन यांचा जलमार्गांवर अढळ विश्वास होता. (कापसाच्या प्रश्नात पुढाकार घेणाऱ्या गृहस्थाचे आडनावच कॉटन असावे, हा योगायोग गमतीचा खरा.) कॉटन आणि त्यांचे सहकारी हेग यांची योजना अशी: यवतमाळची पूर्व सीमा असलेल्या वर्धा नदीतून माल निघावा, वणी तालुक्यातील जुगादजवळ पैनगंगेचा संगम मागे टाकून प्राणहितेत यावा, सिरोंचाजवळ गोदावरीला लागावा आणि काकिनाडा बंदर गाठावे. मार्गात खडकाळ धावांचे तीन मोठे अडथळे होते: दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि प्राणहितेवरील देवलमरी. तेथे बंधारे घालून, बाजूने कालवे खोदून, जलपाशांतून होड्या चढवायच्या-उतरवायच्या होत्या. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर सर रिचर्ड टेंपल यांनीही योजनेची हिरिरीने पाठराखण केली. दुम्मागुडेमला काम बरेच पुढे गेले. परंतु 1871 मध्ये सारी योजना सोडून देण्यात आली.

कारण म्हणून सर्वप्रथम आगगाडीकडे बोट दाखविले जाते, आणि ते खोटे नाही. 1867 मध्ये मुंबईची लोहवाट वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचली होती. तथापि हिशेबाच्या दृष्टीने पाहता आगगाडी नसती तरी हा व्यवहार अडचणीचाच ठरला असता. जलपाश उंचीचा प्रश्न सोडवतो, ऋतूचा नाही. इंग्लंडचा पाऊस लहरी असला तरी वर्षभर विखुरलेला. शिवाय कालव्यांना तलावांचा आधार. वर्धेचे पाणी मात्र चार महिन्यांचे. कापसाची वेचणी दिवाळीच्या सुमारास सुरू होते, सरकी काढून गाठी बांधेपर्यंत पौष-माघ उजाडतो, आणि तोवर नदीत वाळूचे पट्टे उघडे पडू लागतात. म्हणजे गाठी तयार असताना पाणी नाही आणि पाणी येईल तेव्हा आषाढ! एरवी चातुर्मासात प्रवास मंदावतात. ही वाहतूक नेमकी चातुर्मासातच चालली असती.

तोवर माल गोदामात पडून राहणार. शंभर रुपयांच्या मालावर वार्षिक बारा टक्के व्याज धरले, तर सहा महिन्यांचे सहा रुपये केवळ थांबण्याचे. शिवाय गोदामभाडे, आगीचे भय, भाव कोसळण्याची धास्ती. हा बोजा व्यापाऱ्याने सोसला असता असे मानणे भाबडेपणाचे होईल. तो खरेदीच्या भावातून कापला गेला असता आणि अखेर शेतकऱ्याच्या पदरी पडला असता. स्वस्त भाड्याचे गणित मांडणाऱ्यांनी वहनाचा दर पाहिला, अडकलेल्या पैशाचा काळ पाहिला नाही. कॉटन यांच्या बुद्धीविषयी आदर बाळगूनही एवढे म्हणावे लागते.

पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी यवतमाळहून मूर्तिजापूरला अरुंद रुळांची गाडी धावू लागली. 'शकुंतला' या नावाने ती सर्वांच्या परिचयाची आहे. कापूस पश्चिमेकडे वळला तो कायमचाच.

गंमत अशी की 2016 च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यात देशातील 111 जलमार्गांची यादी आहे आणि तीत पैनगंगा-वर्धा या नद्यांचेही नाव आहे. दरम्यान नद्यांवर धरणे झाली, उपसा वाढला, वाळू गेली. चैत्रात वणीकडच्या पुलावरून जाताना वर्धेचे पात्र पाहिले, तर जलपाशाचा दरवाजा उघडून आत घ्यायला पाणी कोठून आणायचे, हा प्रश्न अद्याप तसाच आहे.