कापलेल्या कराची दुसऱ्यांदा मागणी : केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळास खुले पत्र

मा. अध्यक्ष व सदस्य,
केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळ,
नवी दिल्ली



पगारदार माणसाचा आयकर त्याच्या हाती पगार पडण्यापूर्वीच कापला जातो, आणि त्यामुळे आपला कर आपण भरला आहे, अशी त्याची रास्त समजूत असते. ज्या करदात्यांच्या बाबतीत ही समजूत खोटी ठरते, म्हणजे ज्यांच्या पगारातून नियोक्त्याने कर कापला पण सरकारकडे जमा केला नाही, आणि ज्यांच्याकडे पुढे आयकर विभागाने तोच कर पुन्हा मागितला, त्यांच्याविषयी हे पत्र आहे. ही दुसरी वसुली करण्यास कायद्याने स्पष्ट मनाई केली आहे. तरीही विभागाची संगणकीय यंत्रणा अशी मागणी काढते, तिच्यावर व्याज चढवते आणि पुढच्या वर्षांच्या परताव्यातून ती वळती करून घेते. कायदा आणि यंत्रणा यांच्यातील हे अंतर मिटवण्याचा अधिकार मंडळाकडे असल्यामुळेच हे पत्र मंडळास लिहिले आहे.

पगारावरील कर सरकारपर्यंत कसा पोहोचतो, हे आधी पाहणे आवश्यक आहे, कारण घोटाळा नेमका त्या वाटेवर होतो. नियोक्ता, म्हणजे नोकरी देणारी कंपनी वा संस्था, वर्षाच्या आरंभी कर्मचाऱ्याच्या वर्षभराच्या पगाराचा आणि त्यावरील कराचा अंदाज बांधते व त्याचा हिस्सा दर महिन्याच्या पगारातून कापते. यालाच उद्गम करकपात किंवा रोजच्या बोलण्यात टीडीएस म्हणतात. कापलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत, आणि मार्च महिन्याची ३० एप्रिलपर्यंत, चलनाने सरकारकडे भरायची असते. त्यानंतर दर तिमाहीला नियोक्ता २४-क्यू नावाचे विवरण दाखल करतो, ज्यात कोणत्या पॅनच्या नावे किती कर कापला आणि तो कोणत्या चलनाने भरला, याची नोंद असते. या विवरणावरूनच कर्मचाऱ्याच्या २६-एएस या करखात्याच्या उताऱ्यात रक्कम जमा दिसते. कर्मचारी जुलैअखेर आपले विवरणपत्र भरतो तेव्हा बंगळुरू येथील प्रक्रिया केंद्र त्याने दाखवलेली करकपात आणि उताऱ्यातील जमा यांचा मेळ घालते, आणि मेळ बसला नाही तर कमी पडलेली रक्कम मागणी म्हणून कळवते. या साऱ्या साखळीत कर कापण्याचा, भरण्याचा आणि नोंदवण्याचा, असे तिन्ही अधिकार नियोक्त्याकडे असतात; ज्याचा पैसा जातो त्याच्याकडे यांपैकी एकही नसतो.

एक सरळ हिशेब घेतल्यास या घोटाळ्याचा आकार लक्षात येतो. २०२५-२६ या आर्थिक वर्षात १४,७५,००० रुपये वार्षिक पगार असलेल्या कर्मचाऱ्याने नवी करप्रणाली स्वीकारली असेल, तर ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट जाऊन त्याचे करपात्र उत्पन्न १४ लाख रुपये होते. पहिल्या ४ लाखांवर कर नाही, पुढच्या ४ लाखांवर ५ टक्के दराने २०,०००, त्यापुढच्या ४ लाखांवर १० टक्के दराने ४०,००० आणि उरलेल्या २ लाखांवर १५ टक्के दराने ३०,००० असे ९०,००० रुपये, आणि त्यावर ४ टक्के उपकर धरून एकूण ९३,६०० रुपये कर होतो, म्हणजे दरमहा ७,८०० रुपये. आता ही कपात बाराही महिने नियमित झाली, परंतु कंपनी अडचणीत आल्याने तिने नोव्हेंबरपासूनची रक्कम भरलीच नाही, असे समजू. पगारपत्रकांत बारा कपाती आहेत, बँकेत बाराही महिने कापून उरलेलाच पगार जमा झाला आहे. उताऱ्यात मात्र सात महिन्यांचे ५४,६०० रुपये दिसतात. उरलेल्या ३९,००० रुपयांची मागणी कर्मचाऱ्याच्या नावे निघते, आणि त्याने आगाऊ कर भरण्यात कसूर केली असे गृहीत धरून यंत्रणा तिच्यावर दरमहा १ टक्का व्याजही लावते. अनेकजण विवरणपत्र भरतानाच हा फरक पाहून घाबरतात आणि कटकट नको म्हणून ती रक्कम स्वयंनिर्धारण कर म्हणून खिशातून भरून टाकतात. असे दोनदा भरलेले पैसे कोणत्याही तक्रारीच्या नोंदीत येत नाहीत, आणि म्हणून या अन्यायाचा खरा आवाका विभागालाही दिसत नाही.

कायदा याबाबत काय म्हणतो? आयकर अधिनियम १९६१ च्या कलम २०५ नुसार, ज्या उत्पन्नातून कर कापला गेला आहे त्या उत्पन्नाच्या मालकाकडून कापलेल्या रकमेपुरता कर पुन्हा मागता येत नाही. कापलेला कर न भरणाऱ्या नियोक्त्यासाठी त्याच अधिनियमात स्वतंत्र उपाय आहेत: त्याला कसूरदार ठरवून त्याच्याकडून कर वसूल करता येतो, दरमहा दीड टक्का व्याज आकारता येते, आणि कलम २७६-बी खाली तीन महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. तथापि कलम १९९ प्रमाणे कराचे श्रेय मिळते ते कापून सरकारकडे भरलेल्या रकमेचे, आणि नियम ३७-बीए प्रमाणे ते नियोक्त्याने दिलेल्या माहितीच्या आधारे. यामुळे विचित्र अवस्था निर्माण होते: वसुली करता येत नाही, पण श्रेयही मिळत नाही, आणि मागणी वर्षानुवर्षे करदात्याच्या नावावर उभी राहते.

मंडळाला हे ठाऊक नाही असे नाही. मंडळानेच १ जून २०१५ रोजी आणि पुन्हा ११ मार्च २०१६ रोजी अधिकाऱ्यांना कळवले होते, की नियोक्त्याने कर न भरल्यामुळे निर्माण झालेली मागणी करदात्याकडून सक्तीने वसूल करू नये. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ सालीच, कापलेला कर मालकाने भरला नाही म्हणून कर्मचाऱ्याकडून तो घेता येणार नाही, असा निर्वाळा दिला होता. परंतु मंडळाच्या पत्रांनी रोखली ती जप्तीसारखी उघड सक्ती. कलम २४५ खाली परतावा वळता करून घेण्याची यंत्रणेची वाट मोकळीच राहिली. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये तीही वाट बंद केली आणि अशी वळती ही अप्रत्यक्ष वसुलीच आहे, असे ठरवले. असे असूनही एखाद्या कर्मचाऱ्याने उच्च न्यायालयात वकील उभा केल्यावरच त्याला कलम २०५ चा लाभ मिळावा, हे करप्रशासनाला शोभणारे नाही. ३९,००० रुपयांसाठी कोणी रिट याचिका करत नाही.

पुराव्याच्या बाबतीत तर करदात्याची कोंडीच होते. मागणी मान्य नसल्याचे त्याने ई-फायलिंगच्या संकेतस्थळावर नोंदवले, की प्रकरण त्याच्या करनिर्धारण अधिकाऱ्याकडे जाते आणि अधिकारी बहुधा फॉर्म १६ मागतो. फॉर्म १६ म्हणजे करकपातीचे वार्षिक प्रमाणपत्र, जे नियोक्त्याने १५ जूनपर्यंत द्यायचे असते. त्याचा ‘अ’ भाग ट्रेसेस या विभागाच्याच प्रणालीतून उतरवून घ्यावा लागतो, आणि तिमाही विवरण दाखल झाल्याशिवाय तो तयार होत नाही. म्हणजे ज्या नियोक्त्याने कर भरला नाही आणि विवरणही दिले नाही, त्याच्या कर्मचाऱ्याला हे प्रमाणपत्र मिळणेच शक्य नसते; ज्याच्यासाठी संरक्षण आहे, नेमक्या त्याच माणसाकडे ते मिळवण्याचा कागद नाही. त्याच्याकडे असतात ती पगारपत्रके, नेमणूकपत्र आणि बँकेचा खातेउतारा, आणि हेच कागद कपातीचा खरा पुरावा आहेत, कारण ढोबळ पगार व खात्यात पडलेली रक्कम यांच्यातील फरक त्यांतून उघड दिसतो.

येथे विभागाची एक शंका रास्त आहे आणि तिचा विचार झाला पाहिजे. केवळ पगारपत्रकावर श्रेय देऊ लागलो तर बनावट पगारपत्रके करून परतावे उकळले जातील, ही ती शंका होय, आणि बनावट परताव्यांची प्रकरणे घडली असल्याने ती निराधार नाही. परंतु तिजोरीतून पैसा बाहेर देणे आणि करदात्याकडे दुसऱ्यांदा पैसा न मागणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. परताव्याचा दावा चौकशीअंती निकालात काढावा, त्यास कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही; मागणी स्थगित ठेवण्यात मात्र सरकार एक रुपयाही कोणाला देत नाही, केवळ योग्य माणसाकडून तो मागण्याची जबाबदारी स्वीकारते. आणि तो योग्य माणूस शोधण्याचे साधन, म्हणजे नियोक्त्याचा टॅन हा करकपातीचा क्रमांक, विभागाकडे आधीपासून आहे.

पूर्वसूचनेचाही प्रश्न आहे. २०१६ साली तत्कालीन अर्थमंत्री अरुण जेटली यांच्या हस्ते पगारदारांना तिमाही करकपातीचा संदेश मोबाइलवर पाठवण्याची सेवा सुरू झाली, आणि ती उपयुक्तच होती. परंतु असा संदेश विवरण दाखल झाल्यावरच पाठवता येतो, म्हणून प्रामाणिक कंपनीच्या कर्मचाऱ्याला तो मिळतो आणि बुडव्या कंपनीच्या कर्मचाऱ्याला काहीच कळत नाही. ज्या टॅनवरून मागील तिमाहीत विवरण आले होते आणि या तिमाहीत आले नाही, त्यातील पॅनधारकांना ‘आपल्या नावे या तिमाहीत कर जमा नाही’ एवढे कळवणे यंत्रणेला अवघड नाही. वर्ष संपल्यावर कळण्यापेक्षा तीन महिन्यांत कळले तर कर्मचारी नोकरीत असतानाच विचारणा करू शकतो, आणि विभागालाही नियोक्त्याकडे वसूल करण्याजोगे काही उरलेले असते.

१९६१ च्या अधिनियमाची जागा घेणारा आयकर अधिनियम २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासूनच्या कर वर्षांसाठी आहे. त्यात कलमांचे क्रमांक बदलले आणि भाषा सोपी झाली, हे स्वागतार्हच आहे. पण आधीच्या वर्षांच्या मागण्या जुन्या अधिनियमाखालीच उभ्या राहणार असल्याने नवा कायदा त्यांना आपोआप मिटवणार नाही.

म्हणून मंडळास विनंती आहे, की त्याने कलम ११९ खालील आपला अधिकार वापरून बंधनकारक आदेश काढावा: करदात्याने पगारपत्रके व बँकेचा उतारा जोडून कपात दाखवली, की तेवढ्या रकमेची मागणी त्याच्या नावावरून काढून नियोक्त्याच्या टॅनवर टाकावी, चौकशी पूर्ण होईपर्यंत तिच्यावर व्याज चढवू नये आणि तिच्यापोटी कोणताही परतावा वळता करू नये, आणि याआधी असे वळते केलेले परतावे, करदात्याला न्यायालयात जायला न लावता, व्याजासह परत करावेत.