पटावरची दहा नावे

2025 च्या मे महिन्यात छत्तीसगढ सरकारने शाळांचे युक्तियुक्तकरण, म्हणजे शाळा आणि शिक्षकांची फेरमांडणी, हाती घेतले. 10,463 शाळा त्यात आल्या. आकडा ऐकून छातीत धस्स होते, म्हणून आधी तो उलगडून सांगायला हवा. यातल्या 10,297 शाळा एकाच आवारात भरणाऱ्या आहेत. पहिली ते पाचवीची एक, शेजारच्या इमारतीत सहावी ते आठवीची दुसरी, कुठे बारावीपर्यंतचीही. त्यांचा कारभार एकत्र केला, मुले जागची हलली नाहीत. उरल्या 166. त्यांपैकी 133 शाळा खेड्यांतल्या, जिथे पट दहाच्या आत होता आणि एक किलोमीटरच्या आत दुसरी शाळा होती. 33 शाळा शहरांतल्या, पट तीसच्या आत आणि अंतर पाचशे मीटरच्या आत.

सरकारची बाजू पोकळ नाही. राज्यातल्या 6,872 प्राथमिक शाळा एकाच शिक्षकावर चालत होत्या आणि 212 शाळांत एकही शिक्षक नव्हता. एक गुरुजी पाच वर्ग सांभाळतो, वर जनगणना, निवडणूक आणि पोषण आहाराचा हिशेब. त्या शाळेतले मूल शिकते ते गुरुजीच्या पुण्याईवर. शिक्षक जिथे जास्त आहेत तिथून जिथे नाहीत तिथे पाठवावेत, याला कोण नाही म्हणेल? मे अखेरीस शिक्षक संघटना नवा रायपूरला मंत्रालयावर गेल्या, तेव्हा त्यांचे म्हणणे वेगळे होते. शिक्षकांची पदे 2008 च्या सेटअपप्रमाणेच, म्हणजे तेव्हा ठरलेल्या पदसंख्येप्रमाणेच, ठेवा, प्राथमिक शाळेचा मुख्याध्यापक काढू नका. तेही खरे आहे. सहा वर्षांच्या मुलांची शाळा चालवणे हे स्वतंत्र काम आहे. बारावीच्या परीक्षेत गुंतलेल्या प्राचार्यांकडे त्यासाठी वेळ उरत नाही.

पण मला बोलायचे आहे ते त्या 166 शाळांबद्दल. दहा हजारांत त्या दिसतही नाहीत. नकाशावरचा एक किलोमीटर आणि पायाखालचा एक किलोमीटर यांत किती फरक असतो, हे रायपूरच्या सिलतरा-उरला औद्योगिक पट्ट्यात राहणाऱ्याला विचारावे. स्पंज आयर्नच्या कारखान्यांचे ट्रक, रस्त्यावर बसलेली काळी धूळ, पावसाळ्यात भरून वाहणारा नाला. शहरातले पाचशे मीटर तर जी. ई. रोडच्या या कडेपासून त्या कडेपर्यंतही असू शकतात. पहिलीतले मूल तो रस्ता एकटे ओलांडत नाही. आईला रोजीवर जायचे असते. मग थोरली बहीण त्याला पोहोचवते, आणि तिची स्वतःची शाळा त्या दिवशी बुडते. असे दिवस साठत जातात. पटावर नाव राहते, मुलगी राहत नाही.

महाराष्ट्राने हा अनुभव आपल्या आधी घेतला. 2017 च्या अखेरीस तिथे दहापेक्षा कमी पटाच्या 1,314 शाळांचे स्थलांतर ठरले. पुढे वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची मोजदाद झाली तेव्हा आकडा निघाला 14,783, आणि अशा शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याची कल्पना पुढे आली. 2022 साली इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीची मुले शेळ्या घेऊन नाशिकच्या जिल्हा परिषदेवर गेली. भाम धरणाने या वस्तीचे घरदार आधीच हलवले होते, आता शाळाही हलत होती. आमची दप्तरे ठेवून घ्या आणि आम्हाला राखायला शेळ्या द्या, एवढेच ती मुले सांगत होती. शाळा गेली तर पुढे काय, हे अहवालांतून कळण्याआधी त्या मुलांना कळले होते.

बंद शाळा पुन्हा उघडणे किती अवघड, याचा दाखला आपल्याच छत्तीसगढात आहे. बस्तरमध्ये माओवाद्यांविरुद्धच्या सलवा जुडूम मोहिमेच्या काळात ज्या शाळा बंद पडल्या, त्यांपैकी 260 शाळांची घंटा जून 2022 मध्ये वाजली. एकट्या बिजापूर जिल्ह्यात 158. मधली पंधरा वर्षे म्हणजे एक अख्खी पिढी. त्यातल्या कित्येक शाळा गावकऱ्यांनी उभारलेल्या झोपड्यांत सुरू झाल्या आणि गावातलीच शिकलेली पोरे शिकवायला, शिक्षादूत म्हणून, उभी राहिली.

पण गेलेली शाळा परत आणताही येते. केरळमध्ये कोळिकोडच्या मलापरंबा इथली शाळा 2014 साली रातोरात पाडली गेली. लोकांनी ती वर्गणी काढून, विटा वाहून पुन्हा बांधली आणि 2016 साली सरकारला ती ताब्यात घ्यावी लागली. मोर्चा आणि वीट, दोन्ही हवे. आपण मोर्च्यापर्यंत येतो आणि घरी जातो.

रायपूरच्या मराठी घरांना हे सांगायचे कारण आहे. आपली मुले या शाळांत नाहीत. पण ज्या माणसाचा आपण अभिमान बाळगतो, त्या माधवराव सप्र्यांची गोष्ट आठवून पाहा. घरची भाषा मराठी. 1900 साली पेंड्र्यासारख्या आडगावातून त्यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ काढले ते हिंदीत. ‘गीतारहस्य’ आणि ‘दासबोध’ हिंदीत नेले. राजद्रोहाच्या खटल्यात अटक सोसली. आणि याच रायपुरात मुलींसाठी शाळा काढली. शाळा इथल्या मुलींची होती, म्हणून ती सप्र्यांचीही होती. 2020 साली बूढा तालाबाच्या सुशोभीकरणात त्यांच्या नावाच्या शाळेचे आणि शेजारच्या दानी कन्या शाळेचे मैदान जाऊ लागले, तेव्हा शहरातली माणसे उभी राहिली. त्या वेळी हे मैदान मराठी माणसांचे की छत्तीसगढियांचे, असे कुणी विचारले नाही. तीच वृत्ती दहा पटाच्या शाळेसाठी हवी.

उपाय कायद्यातच पडून आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती दिली. तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या स्त्रिया. शाळेचा विकास आराखडा तिनेच करायचा. बहुतेक ठिकाणी तिची बैठक म्हणजे रजिस्टरवरच्या सह्या आणि अंगठे. ज्या आईचा अंगठा तिथे उठतो, तिला आपण काय मागू शकतो हे कुणी सांगितलेले नसते. आपल्या समाजात निवृत्त शिक्षक आहेत, हिशेब तपासणारे आहेत, वकील आहेत, अर्ज लिहू शकणारे हात घरोघर आहेत. शाळा वाचवण्याची मोहीम आदेश आल्यावर सुरू केली तर उशीर झालेला असतो. ती सुरू करायची असते पट पंचवीसवरून अठरावर येतो त्या वर्षी, मुले का गेली हे घरोघर जाऊन विचारत. बहुधा उत्तर साधे निघते. शिक्षक नाही, संडासाला दार नाही, किंवा खासगी शाळेची पिवळी गाडी दारात येते.

23 एप्रिल 2026 रोजी सप्र्यांच्या निधनाला शंभर वर्षे होतील. व्याख्याने होतील, ती व्हावीतच. आमची विनंती एवढी की मंडळांनी, भजनी गटांनी, सोसायट्यांनी आपापल्या भागातली एकेक सरकारी प्राथमिक शाळा निवडावी आणि त्या दिवसापासून तिच्या समितीच्या पालकांसोबत बसायला लागावे. नवे सत्र जूनच्या मध्यावर सुरू होते. पटनोंदणीसाठी घरे फिरायला मधले सात-आठ आठवडे मिळतात. ज्यांना या कामात यायचे आहे, त्यांनी या अंकाच्या कार्यालयात नाव आणि मोहल्ला कळवावा. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी आपण यादी करायला बसत आहोत.